वाचकांचे प्रश्न : डंक मारावा तो कोणी?

बास्केटबॉलविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, स्लॅम डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये ठोकणे. त्यामुळे हे सदर मी त्या एकाच विषयाला देत आहे. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील आजवरचा सर्वश्रेष्ठ डंकर कोण? आम्हा मित्रांमध्ये मायकेल जॉर्डन की व्हिन्स कार्टर, यावरून गेले कित्येक दिवस वाद चालू आहे. आपण निवाडा करावा.

उत्तर : निवाडा आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. डंक मारावा तो व्हिन्स कार्टरने. जॉर्डन हा खेळाडू म्हणून कार्टरपेक्षा कितीतरी मोठा, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न डंकचा आहे, आणि झेपेची उंची, हवेतला ताबा, हातातली ताकद, कल्पकता आणि समोर बचावपटू उभा असताना पाऊल मागे न घेण्याची वृत्ती हे सगळे एकाच माणसात एवढ्या प्रमाणात एकवटलेले मला कार्टरखेरीज कोणातही दिसलेले नाही.

डंकची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक डंकच्या स्पर्धेत, जिथे अडवायला कोणी नसते आणि हवे तेवढे धावून झेप घेता येते. दुसरी प्रत्यक्ष सामन्यात, जिथे सात फुटांचा माणूस रिंगखाली हात वर करून उभा असतो. पहिल्या ठिकाणी उत्तीर्ण होणारे अनेक जण दुसऱ्या ठिकाणी दिसतही नाहीत. कार्टरने २००० या एकाच वर्षात दोन्ही परीक्षा अशा दिल्या की त्या आजही उदाहरण म्हणून सांगितल्या जातात.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ओकलंड येथे एनबीएची, म्हणजे अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक लीगची, डंक स्पर्धा झाली. लोकांचा उत्साह ओसरल्यामुळे १९९८ मध्ये ती वगळण्यात आली होती आणि १९९९ मध्येही ती झाली नव्हती. म्हणजे कार्टर उतरला तेव्हा ही स्पर्धा जवळजवळ मोडीत निघालेली होती. टोरांटो रॅप्टर्सच्या या खेळाडूने पहिल्याच झेपेत, बहुतेक खेळाडू ज्या बाजूला वळतात तिच्या उलट बाजूला हवेत पूर्ण गिरकी घेतली आणि हात पवनचक्कीच्या पात्यासारखा फिरवून चेंडू रिंगमध्ये आदळला. पुढे संघातील सहकारी ट्रेसी मॅकग्रेडी याने जमिनीवर आपटून वर दिलेला चेंडू त्याने हवेतच पकडला, दोन्ही पायांमधून एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि रिंगमध्ये घातला. त्यानंतर त्याने चेंडूबरोबर आपला हातच कोपरापर्यंत रिंगमध्ये घातला आणि त्या कोपराच्या आधाराने तो लोंबकळत राहिला. या कोपराच्या डंककडे चित्रफीत थांबवून एकदा बारकाईने पाहावे. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. साधा डंक मारणाऱ्याचे मनगट रिंगच्या वर आले तरी पुरते. इथे कोपर वर आलेले आहे.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्या सामन्यात कार्टरने फ्रान्सचा एक पास मधल्या मध्ये पकडला आणि तो रिंगकडे निघाला. वाटेत २.१८ मीटर उंचीचा फ्रेडरिक वाइस उभा होता. कार्टर त्याला वळसा घालून गेला नाही. पाय फाकवून तो थेट वाइसच्या डोक्यावरून गेला आणि त्याने चेंडू रिंगमध्ये कोंबला. फ्रेंच वृत्तपत्रांनी त्याला ‘मृत्यूचा डंक’ असे नाव दिले. मला या प्रसंगात वाइसविषयीही लिहावेसे वाटते. त्याची पुढे बरीच चेष्टा झाली, पण त्याची चूक कोणती? बचावपटूने जागेवर उभे राहून वाट अडवायची असते आणि त्याने तेच केले. डंक मोठा होतो तो समोरचा माणूस बाजूला होत नाही म्हणून. बाजूला झालेल्या बचावपटूंची नावे कोणाला आठवत नाहीत, पण त्यांच्यासमोर मारलेले डंकही कोणाला आठवत नाहीत.

आता जॉर्डन. त्याच्या बाजूने बोलणारा तुमचा मित्र बहुधा १९८८ च्या शिकागोतील स्पर्धेचा दाखला देत असेल. तो दाखला वजनदारच आहे. अंतिम फेरीत शेवटची झेप उरली तेव्हा अटलांटा हॉक्सचा डॉमिनिक विल्किन्स आघाडीवर होता आणि जॉर्डनला ५० पैकी किमान ४९ गुण हवे होते. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून धावत आला, रिंगमागच्या बोर्डपासून पंधरा फुटांवर असलेल्या फ्री थ्रो रेषेजवळून झेपावला, चेंडू एकदा खाली घेऊन पुन्हा वर नेला आणि डंक मारला. पूर्ण ५० गुण मिळाले आणि १४७ विरुद्ध १४५ असा तो जिंकला. परंतु त्याआधी विल्किन्सने दोन्ही हातांनी मारलेल्या डंकला परीक्षकांनी अवघे ४५ गुण दिले होते. तो विल्किन्सवर अन्याय होता असे माझे ठाम मत आहे. स्पर्धा जॉर्डनच्या घरच्या मैदानावर होती, ही गोष्ट त्या निकालाच्या चर्चेतून अजूनही जात नाही.

विल्किन्सचे वैशिष्ट्य असे की तो बहुतेकदा दोन्ही पायांवर उडी घेत असे. जॉर्डन धावण्याचा वेग एका पायावर वर वळवून लांब तरंगत जाई. विल्किन्स रिंगच्या जवळ, गर्दीत, थांबल्यासारखा होऊन सरळ वर उसळे आणि चेंडू दोन्ही हातांनी असा ठोकून देई की बोर्ड हादरत राही. जॉर्डनच्या डंकमध्ये लालित्य अधिक आहे, हे मान्य. पण दोन बचावपटू अंगावर आलेले असताना मारायच्या डंकसाठी मला एकच माणूस निवडायचा असेल तर मी विल्किन्सला निवडीन. सिअ‍ॅटलचा शॉन केम्पही याच पंगतीत बसतो.

तुमच्या वादात मात्र एक नाव राहून गेले आहे आणि ते राहता कामा नये. ते नाव ज्यूलियस अर्व्हिंग, लोकांचा ‘डॉक्टर जे’. सत्तरच्या दशकात एनबीएशी स्पर्धा करणारी एबीए नावाची दुसरी व्यावसायिक लीग होती. तिचा चेंडू लाल, पांढरा आणि निळा असा तिरंगी होता, पैशाची नेहमी ओढाताण होती आणि प्रेक्षक टिकवण्यासाठी ती नवे काही ना काही करून पाहत होती. २७ जानेवारी १९७६ रोजी डेन्व्हर येथे तिच्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्याच्या मध्यंतरात व्यावसायिक बास्केटबॉलमधील पहिली डंक स्पर्धा झाली. पाच जण उतरले : आर्टिस गिलमोर, जॉर्ज गर्व्हिन, लॅरी केनन, डेव्हिड थॉम्पसन आणि अर्व्हिंग. अर्व्हिंग फ्री थ्रो रेषेवर गेला, तिथून उलट दिशेने लांब पावले मोजत दूर गेला, वळला आणि लांब ढांगा टाकत धावत सुटला. रेषेपाशी पाय टेकला तो थेट रिंगपाशी जाऊनच खाली आला. जॉर्डनने बारा वर्षांनी जे केले त्याचे मूळ इथे आहे. त्याच वर्षी एबीए संपली आणि तिचे चार संघ एनबीएत आले. अर्व्हिंग फिलाडेल्फियाच्या संघात गेला, तिथे १९८३ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सच्या मायकेल कूपरसमोरून जाताना त्याने चेंडू बाळाला जोजवावे तसा मनगट आणि कोपराखालचा हात यांच्या बेचक्यात धरून झुलवला आणि वरून खाली आणला. त्याच्या आधीही डंक मारणारे होतेच. पण उंच माणसाची ताकद म्हणून पाहिली जाणारी ती कृती त्याने अशी काही केली की ती पाहण्यासाठी लोक तिकीट काढू लागले. म्हणून सर्वश्रेष्ठ डंकर कार्टर म्हटले, तरी डंकच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा माणूस अर्व्हिंग, असे मी म्हणेन.

त्या डेन्व्हरच्या स्पर्धेत दुसरा आलेला थॉम्पसनही थोर होता. उंची सहा फूट चार इंच, पण झेप अशी की त्याला ‘स्कायवॉकर’ म्हणत. त्याची उमेदीची महाविद्यालयीन वर्षे डंकवर बंदी असताना गेली. त्याविषयी पुढील एका उत्तरात येईलच.

प्रश्न : डंकला दोनच गुण मिळतात. साध्या ले-अपलाही, म्हणजे रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेल्या चेंडूलाही, दोनच. मग एवढे कौतुक कशासाठी?

उत्तर : गुण सारखेच आहेत, जोखीम सारखी नाही. रिंगच्या वरून आत घातलेला चेंडू हुकण्याची शक्यता सर्वांत कमी असते आणि तो अडवायचा तर बचावपटूलाही तेवढीच उंच झेप घ्यावी लागते. म्हणून प्रशिक्षकाच्या दृष्टीनेही, जमत असेल तर डंक हीच शहाणपणाची निवड ठरते. कौतुक त्याच्या दिसण्याचे आहे हे खरे, पण त्यात उपयोग नाही असे समजू नये.

प्रश्न : जॉर्डनसारखे खेळाडू हवेत खरोखरच थांबतात का? डोळ्यांना तरी तसे दिसते.

उत्तर : थांबत नाहीत. जमीन सोडल्यानंतर कोणताही खेळाडू वर फेकलेल्या दगडासारखाच गुरुत्वाकर्षणाच्या हवाली असतो आणि त्याच्या शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग उडी घेतली त्या क्षणीच ठरून गेलेला असतो. हिशेब करून पाहू. एक मीटर उंच उडी घेणारा माणूस वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे ०.९० सेकंद हवेत असतो. पूर्ण एक सेकंद हवेत राहायचे तर उडी जवळजवळ १.२३ मीटर उंच घ्यावी लागेल. म्हणजे इतिहासातील ज्या महान डंकांविषयी आपण बोलतो, ते बहुतेक सगळे एका सेकंदाच्या आत आटोपलेले आहेत.

मग थांबल्यासारखे का दिसते? वर जाताना वेग कमी कमी होत जातो, शिखरावर तो क्षणभर शून्य होतो आणि खाली येताना हळूहळू वाढतो. त्यामुळे हवेतला निम्मा वेळ झेपेच्या सर्वांत वरच्या चतुर्थांशात जातो. वरील उदाहरणातल्या माणसाचे जवळजवळ अर्धे सेकंद शेवटच्या पंचवीस सेंटिमीटरमध्येच जातात, आणि आपला डोळा तेवढाच भाग लक्षात ठेवतो. शिवाय खेळाडू वर जाताना पाय पोटाशी घेतो, हात वर नेतो आणि उतरताना पाय सोडतो. गुरुत्वमध्य आपल्या वाटेनेच जातो, पण त्याच्या तुलनेत डोके आणि खांदे वरखाली होत राहतात आणि काही क्षण डोके एकाच पातळीवर राहिल्याचा भास होतो. त्यात जॉर्डनने एका पायावर उडी घेतलेली असल्यामुळे तो वर जाता जाता पुढेही सरकत असतो. फ्री थ्रो रेषा बोर्डपासून पंधरा फुटांवर असते, तिथून रिंगची पुढची कड तेरा फुटांवर, म्हणजे जवळजवळ चार मीटरवर येते. एवढे अंतर एका झेपेत कापणारा माणूस आपल्याला उडाल्यासारखा वाटला, तर त्यात नवल नाही.

खरे कौतुक मला वेगळ्याच गोष्टीचे वाटते. या अर्ध्या सेकंदात चेंडू खाली घ्यायचा, पायांमधून काढायचा, अंग वळवायचे आणि पुन्हा अठरा इंच व्यासाच्या रिंगवर हात आणायचा, हे सारे आधी ठरलेले असावे लागते, पण समोर अचानक कोणी आडवे आले तर हवेतच बदलताही यावे लागते.

प्रश्न : डंकवर एके काळी बंदी होती असे वाचले. हे खरे आहे काय? कोणी घातली आणि का?

उत्तर : खरे आहे, पण ती बंदी व्यावसायिक खेळात नव्हती, अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात होती. महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने ती १९६७ मध्ये घातली आणि १९७६ मध्ये उठवली. खेळाडूंना होणाऱ्या दुखापती, मोडणाऱ्या रिंगा आणि उंच खेळाडूंना मिळणारा अवाजवी फायदा अशी कारणे सांगितली गेली. मात्र ज्या सुमारास ही बंदी आली, त्याच सुमारास यूसीएलए विद्यापीठाचा ल्यू अल्सिंडर हा तरुण, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झाला, प्रतिस्पर्ध्यांना अजिबात आवरेनासा झाला होता. त्यामुळे लोक त्या नियमाला ‘अल्सिंडर नियम’च म्हणू लागले. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या शैलीला लगाम घालण्याचा हेतूही त्यामागे होता, अशी भावना अनेकांच्या मनात होती आणि ती निराधार होती असे मला वाटत नाही.

बंदीने अल्सिंडर थांबला का? त्याच्या संघाने १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. डंक हातचा गेल्यावर त्याने डोक्यावरून कमानीसारखा सोडायचा हुक शॉट घोटून तयार केला, जो पुढे ‘स्कायहुक’ म्हणून गाजला. थॉम्पसनची गोष्ट याहून हृद्य आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून खेळताना तो रिंगच्या वर उसळून सहकाऱ्याने भिरकावलेला चेंडू पकडी आणि डंक करायची परवानगी नसल्यामुळे तो अलगद आत सोडून देई. १९७५ मध्ये घरच्या मैदानावरील आपल्या अखेरच्या सामन्यात मात्र त्याने एकदा चेंडू सरळ रिंगमध्ये ठोकला. पंचांनी नियमाप्रमाणे टेक्निकल फाउल, म्हणजे नियमभंगाचा ठपका, दिला. तो डंक गुणफलकावर धरला गेला नाही.

प्रश्न : डंक मारताना काचेचा बोर्ड फुटल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत का? आता तसे होताना दिसत नाही.

उत्तर : खऱ्या आहेत. सर्वांत प्रसिद्ध नाव डॅरिल डॉकिन्सचे. शालेय शिक्षण संपवून थेट व्यावसायिक खेळात आलेल्या या धिप्पाड खेळाडूने नोव्हेंबर १९७९ मध्ये कॅन्सस सिटीत डंक मारला आणि बोर्डच्या काचेचा अक्षरशः चुरा होऊन मैदानावर सडा पडला. तीन आठवड्यांनी फिलाडेल्फियात त्याने हेच पुन्हा केले. त्यानंतर एनबीएने असा प्रकार करणाऱ्याला दंड आणि निलंबन होईल अशी तंबी दिली.

पण हा प्रश्न दंडाने सुटण्यासारखा नव्हता, तो यंत्ररचनेचा होता. रिंग घट्ट बसवलेली असली की तिच्यावर पडलेला सगळा भार सरळ काचेवर जातो. त्यावरचा उपाय खेळाशी फारसा संबंध नसलेल्या एका माणसाकडून आला. इलिनॉय राज्यातील धान्याच्या कोठारात काम करणाऱ्या आर्थर एरॅट याचा भाचा महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक होता. महाविद्यालयांत डंक पुन्हा सुरू झाल्यावर रिंगा वाकू लागल्या, तशी त्याने मामाकडे तक्रार केली. एरॅटने शेतीच्या अवजारातील एक जाड स्प्रिंग घेऊन रिंगला बिजागरीसारखा सांधा बसवला, ज्यामुळे ठरावीक भारापर्यंत रिंग स्थिर राहते, त्याहून अधिक भार आला की खाली झुकते आणि हात सुटताच पुन्हा जागेवर येते. एनबीएने १९८१ पासून अशा झुकणाऱ्या रिंगा वापरायला घेतल्या. आज डंक झाल्यावर रिंग खाली जाऊन खटकन वर येताना दिसते, तो हाच सांधा.

तरीही १९९३ मध्ये ऑरलँडोच्या शॅकिल ओ’नीलने आपल्या पहिल्याच हंगामात दोनदा पराक्रम केला. फिनिक्समध्ये त्याच्या वजनाने बोर्डचा संपूर्ण खांबच दुमडून खाली बसला आणि न्यू जर्सीमध्ये बोर्ड आधारासकट निखळून खाली आला. त्याबरोबर वर लावलेले शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू टाकण्याची मुदत दाखवणारे घड्याळही, त्याच्या डोक्यापाशी कोसळले. ती घटना पाहताना हसू येण्याऐवजी काळजाचा ठोका चुकतो. ओ’नीलला महान डंकरांत धरावे का, असेही एका पत्रात विचारले आहे. धरावेच. त्याच्या डंकमध्ये नक्षीकाम नव्हते, पण त्याला रिंगजवळ चेंडू मिळाला की अडवणे कोणाच्याही हातात उरत नसे, आणि सामन्यातल्या डंकचे काम शेवटी तेच असते.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. कमी उंचीचे कोणी मोठे डंकर झाले आहेत का?

उत्तर : झाले आहेत, आणि ते स्पर्धा जिंकलेले आहेत. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्पड वेबने १९८६ मध्ये डलास येथे डंक स्पर्धा जिंकली, तीही आपल्याच संघातील विल्किन्सला हरवून. पाच फूट नऊ इंचांच्या नेट रॉबिन्सनने ती २००६, २००९ आणि २०१० अशी तीनदा जिंकली. अलीकडे सहा फूट दोन इंचांच्या मॅक मॅकक्लंगने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे ती जिंकली. सलग तीनदा जिंकणारा तो पहिलाच. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही झेप अपवादात्मक असते, ती सर्वांना सरावाने साधेलच असे नाही. आधी गुडघे आणि घोटे सांभाळून ताकद वाढवा, उडी त्यामागून वाढते. उलट क्रमाने जाणारे बरेच जण गुडघा धरून बसतात.

प्रश्न : महिलांच्या खेळात डंक कोणी मारले? त्यांची नावे कुठेच का येत नाहीत?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, पहिला डंक लॉस एंजेलिस स्पार्क्सच्या लिसा लेस्लीने ३० जुलै २००२ रोजी मारला. पुढे कँडेस पार्कर आणि सिल्व्हिया फाउल्स यांनी मारले, आणि ब्रिटनी ग्राइनरने तर २०१३ मध्ये लीगमधील आपल्या पहिल्याच सामन्यात दोन मारले.

त्याआधीची एक हकिकत मात्र इथे दिली पाहिजे. महाविद्यालयीन सामन्यात डंक मारणारी पहिली स्त्री वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची जॉर्जिअ‍ॅन वेल्स. तारीख २१ डिसेंबर १९८४. सामना एल्किन्स नावाच्या लहानशा गावात होता आणि त्याचे चित्रीकरण प्रतिस्पर्धी संघाने केले होते. त्या संघाच्या प्रशिक्षकाने ती चित्रफीत कोणालाही देण्यास नकार दिला, त्यामुळे पंचवीस वर्षे हा डंक फक्त सांगोवांगी राहिला. तो प्रशिक्षक गेल्यानंतर, २००९ मध्ये, त्याच्या मुलाकडे ती फीत मिळाली. आता ती कोणालाही पाहता येते : लांबून आलेला पास, काही ढांगा, आणि एका हाताने रिंगच्या वरून आत घातलेला चेंडू.